नावाचा रकाना चार

अर्धी चादर तारेवर, अर्धी खांद्यावर, आणि तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला. घरातली धाकटी सून, म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणत. मुलं हातावेगळी झाल्यावर ती घरीच पुस्तकं वाचून कॉम्प्युटर शिकली आणि रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला लागली.

पण पुस्तकातून शिकणाऱ्याला शब्द दिसतात, ऐकू येत नाहीत. पहिल्याच आठवड्यात कॉम्प्युटरमधला तात्पुरता साठा, म्हणजे cache, पुसून ती "कॅचे साफ केला" म्हणाली आणि साहेबांनी खुर्ची गर्रकन फिरवली. "कॅचे? हा कोण पाहुणा? कॅश म्हणतात त्याला, मॅडम!" सगळी खोली खिदळली. काउंटरवरच्या बाईने तर बारसंच केलं, "काय कॅचेबाई, चहा घेणार का?" धाकटी वरवर हसायची. पण त्या दिवसापासून तिने काही विचारणंच टाकलं.

काल साहेब जाता जाता म्हणाले, "नावाचा रकाना चार करा." अक्षरं ठेवायच्या रकान्याला इंग्रजीत char लिहितात; साहेब त्याला 'चार' म्हणत, धाकटी आपल्या मनाने 'कॅर' म्हणे, म्हणून साहेबांचा 'चार' तिला आकडाच वाटला. चारच अक्षरं? प्रश्न ओठांवर आला होता. पुन्हा हसं नको, म्हणून तिने तो गिळला. रिपोर्टच्या पाकिटावर जागा कमी पडत असेल, अशी स्वतःची समजूत घातली आणि सगळी नावं चार अक्षरांवर आणून ठेवली.

"अहो, नावं तुटलीत सगळी," काउंटरवरची बाई फोनवर सांगत होती. आज आवाजात चेष्टा नव्हती. "दोघींची नावं सारखीच दिसली, पाकिटं बदलली गेली. टाकीजवळच्या आजींना दुसरीचा वाईट रिपोर्ट गेलाय. पाण्याचा घोटही घेत नाहीत म्हणे."

"आणि ती दुसरी?"

"ती हसत घरी गेली."

मग फोनवर साहेब आले. "मी चार म्हणालो होतो, चार!"

"मीही चारच केलं, साहेब."

घोटाळा लक्षात येऊन साहेब पुटपुटले, "विचारायचं तरी."

विचारलं असतं तर तुम्ही हसला असतात, हे तिने दातांखाली दाबलं. "खरी पाकिटं काढून ठेवा. मी येते."

"शिपायाला पाठवतो ना."

"नको. मीच जाईन."

मागून सासूबाई आल्या. "अगं, चादर मातीत लोळतेय! झालंय काय?"

धाकटीने सगळं सांगितलं. त्यांनी तिच्या खांद्यावरची चादर उचलून घेतली. "देव बघतो गं सगळं."

"त्याचीच भीती वाटतेय, आई."

तिने देवापुढे हात जोडले. पण मागावं काय, हेच सुचेना. एकीसाठी सुटका मागावी, तर दुसरीचं काय? पायांत चपला सरकवून ती निघाली. लॅबमधून पाकिटं घ्यायची, आजींना त्यांचं द्यायचं आणि मग त्या हसत गेलेल्या बाईच्या दाराची कडी वाजवायची.