नेहमी म्हणजे ऑलवेज नव्हे

साहेबाचं बोलणं संपलं की तो एक बोट वर करायचा आणि म्हणायचा, "थांबा जी, आधी इचारून घेतो." गोऱ्या साहेबाला थांबवणारा दुभाषी तुम्ही कुठे पाहिलाय? मी तो एकच पाहिला, आणि त्याचा हेवा करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

अमेरिकेत लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हाची ही गोष्ट. अमरावतीत एका साहेबाच्या वखारीत आम्ही दोघे दुभाषी होतो. नागपुरात पाद्रीबुवांकडे एकत्र शिकलेले. शब्द पाठ करण्यात मी पुढे. पण साहेब हाक मारायचा त्याला. अकोट-दर्यापूरकडचे शेतकरी गाडी सोडताच विचारायचे, "ते फेटेवाले बाबू कुठी हायेत?" फेटा माझ्याही डोक्यावर होता.

घरी मी चडफडायचो. बायको म्हणायची, "अवो, ते मानसाशी बोलतात. तुमी सायबाशी बोलता." त्या दिवशी मी जेवलो नाही.

एकदा अकोटच्या एका म्हाताऱ्याच्या गाडीतला कापूस ओला निघाला. वजन वाढावं म्हणून पाणी मारलं, असा साहेबाचा संशय. वाटेत नदीवर थांबतोस का, असं त्यानं विचारलं. दुभाषी मी होतो.

"नेहमीच थांबतो जी," म्हातारा म्हणाला. "बैल तहानतात."

"ऑलवेज," मी सांगितलं.

साहेबाचा चेहरा लाल झाला. गाडी जप्त करा, याला चौकीवर द्या, असा हुकूम सुटला. म्हातारा मटकन खाली बसला. तेवढ्यात ते बोट वर झालं.

"थांबा जी, आधी इचारून घेतो. काहो बाबाजी, या खेपीले थांबले होते काय?"

"नाई जी. या खेपीले बैल गावातच पाजले. घाटावर लई गर्दी होती."

"मंग कापूस ओला काहून?"

"तुमच्याच भिस्त्यानं सकाळी पान्यानं भरलेली पखाल माह्या गाडीले टेकवली. मी बोंबललो, तं त्यानं आयकलं नाई."

गाडी रिकामी करून पाहिली. एकच कोपरा ओला होता, बाकी कापूस कोरडा ठणठणीत. भिस्त्यानंही कबूल केलं. म्हातारा उठला आणि माझ्या जोडीदाराच्या पायाशी वाकू लागला. त्यानं त्याला मधेच उचलून छातीशी धरलं. साहेब हसला. मी सोडून सगळेच हसले.

मग जोडीदारानं मला बाजूला घेतलं. "आपला मानूस नेहमी म्हनते, तवा मंधात एखांदी खेप सुटलेली रायते. ऑलवेज म्हनलं तं एक बी सुटत नाई. त्याले यूज्वली म्हना लागते, दादा."

त्याचं 'दादा' मला सगळ्यात जास्त झोंबलं.

पुढे लढाई थांबली, कापसाचा भाव पडला, वखार बंद झाली. त्याला मुंबईत काम मिळालं. "माह्यासंगं चाल," तो म्हणाला. "तुह्यासाठी बी बोललो हाय."

तिथंही लोक त्यालाच शोधत येणार, हे मला दिसत होतं. "मले नाई जमत," मी म्हणालो.

बडनेऱ्याला नव्यानं आलेल्या आगगाडीत मी त्याला बसवून दिलं. गाडी हलली तेव्हा शेजारच्या कुणा परक्या प्रवाशाला तो काहीतरी सांगू लागला होता, आणि तो प्रवासी पोट धरून हसत होता. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी उभा होतो. मला त्या प्रवाशाचा हेवा वाटत होता.