अफवेची मारकता

ही गोष्ट माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेली नाही. बायकोपुढे नाही, सख्ख्या भावापुढेही नाही. तुम्हाला का सांगतोय तेही नीट कळत नाही — पण लिहायला बसलोय खरा. वाचून शिसारी आली तर येऊ द्या. मला रोज येते.

मी परभणीत इतिहास शिकवतो. शस्त्रांचा इतिहास हा माझा आवडीचा विषय. तलवार, धनुष्य, बंदूक, तोफ — कोणतं शस्त्र किती मारक, हे मोजायची एक रीत आहे. तासाभरात किती वार, एका वारात किती माणसं, पल्ला किती, नेम किती, ऐन वेळी दगा देतं का — सगळं एकमेकांशी गुणायचं. मग समोरचं सैन्य किती पांगलेलं आहे त्यानं भागायचं, कारण माणसं पांगली की तोफेच्या हाती फारसं कुणी लागत नाही. हाच हिशेब साथीच्या रोगाला लावता येईल, जाहिरातीला लावता येईल, असं मी वर्गात ऐटीत सांगायचो. पोरं माना डोलवायची. केवढा विद्वान मी!

रविवारच्या तासाला सुरेखा यायची. पालमजवळच्या गावची, बाहेरून बी.ए. करणारी, दोन लेकरांची आई. नवरा ऊसतोडीला गेलेला. आपण शिकतोय हे तिनं गावात कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. लोक हसतील म्हणून पास झाल्यावरच सांगणार होती. मला मात्र तिनं हे विश्वासानं सांगितलं होतं.

तिच्या गावचं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि ती उभी राहिली. तिच्यासमोर कोण? माझ्या मेहुण्याची बायको. मेहुणा माझ्या घरी आला. चहा पिता पिता म्हणाला, दाजी, तुमी एवढे शिकलेले, जरा डोकं लावा की.

आता कसं सांगू — मी डोकं लावलं. बचत गटाचे पैसे खाल्ले म्हणावं, तर ते तपासता येतं, म्हणजे ऐन वेळी दगा देणार. करणी करते म्हणावं, तर तरुण पोरं ऐकत नाहीत, म्हणजे पल्ला कमी. मग मी तिसरी अफवा काढली. ती दर रविवारी परभणीला जाते, एवढंच सांग म्हटलं. पुढं काही बोलू नको, नुसतं विचार — नवरा उसाच्या फडावर, मग ही जाते कुणाकडं? प्रश्नाला कुणी खोटं पाडू शकत नाही, हेही मीच त्याला शिकवलं. ती कुठं जाते हे मला माहीत नव्हतं का? माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसायची ती! कुणी माझ्यावर जबरदस्ती केली होती का? नाही. मला गंमत वाटत होती. थू — गंमत वाटत होती मला.

एकच शंका होती. निम्मं गाव ऊसतोडीला पांगलेलं, तेव्हा मारकता कमी भरेल. झालं उलटंच. फडावरच्या माणसांच्या मोबाईलवर तो प्रश्न गेला, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून खात्री करायला त्यांतलं कुणी गावात नव्हतं. म्हणून तिथंच तो जास्त लागला. म्हणजे अफवेच्या हिशेबात पांगापांगीनं भागायचं नसतं, गुणायचं असतं. हे लक्षात आलं तेव्हा मला काय वाटलं असेल? आनंद. नवा शोध लागल्याचा आनंद. पुढे एका परिसंवादात मी त्यावर निबंध वाचला, 'एका गावातील उदाहरण' म्हणून. टाळ्या पडल्या आणि मी त्या घेतल्या.

मतदानाच्या आधी ती मला भेटायला कॉलेजात आली. तिनं गावात कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं होतं, पण लोक म्हणाले, कार्ड काय, कुठंबी मिळतं. ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"सर, तुमी नुसतं म्हणा, ही रविवारी माझ्या वर्गात असती. तुमचं ऐकतेत लोक. न्हाईतर माझ्या मालकाला तरी एक फोन करा."

मी काय म्हणालो? राजकारणात मी पडत नाही, म्हणालो. तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. ती 'बरं सर' म्हणून गेली, आणि मी डबा उघडून जेवलो. चवीनं जेवलो.

ती पडली. नवरा मतदानाला आला तो मुलाला घेऊन परत गेला, आणि त्यानंतर त्यानं तिला नांदवलंच नाही. ती मुलीला घेऊन मानवतला भावाकडे राहते. वर्गात पुन्हा आली नाही. मेहुण्याच्या दारात गुलाल उधळला तेव्हा मीही तिथं होतो. हार घातला, पेढा खाल्ला.

परवा मानवतच्या एसटी स्टँडवर ती दिसली. मी तोंड फिरवणार होतो, पण तिनंच आधी पाहिलं. जवळ आली, तब्येत विचारली. तो प्रश्न कुणी तयार केला, हे तिला अजून माहीत नाही. सर भित्रे निघाले, एवढंच तिला वाटत असेल, आणि तेवढं तिनं केव्हाच पोटात घातलेलं दिसलं. मुलीला पुढे करून म्हणाली, "पाया पड, हे माझे सर हायेत."

पोरगी वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, खूप शीक.