आमच्या वन्सं आणि अडकलेलं चित्र

आमच्या वन्संना फोन करायचा म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागते. वन्सं म्हणजे माझ्या नणंदबाई, नवऱ्याची थोरली बहीण. इंटरनेट कंपनीच्या तक्रार विभागात नोकरीला आहेत. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या शिव्या खायच्या आणि वर गोड आवाजात विचारायचं, "राउटरच्या डब्यावरचा कोणता दिवा लागलाय, सांगाल का?" त्यांचा सगळा गोडवा तिथेच संपतो. घरच्यांच्या वाट्याला काय उरतं ते ऐका.

"वन्सं, नेट चालत नाहीये."

"चालत नाहीये म्हणजे काय होतंय?"

"अहो, चालत नाहीये म्हणजे चालत नाहीये!"

"तुला काय वाटतंय ते नको. डोळ्यांना काय दिसतंय ते सांग."

असा राग येतो म्हणून सांगू! आपण अडचणीत, आणि ही बाई उलटतपासणी घेतेय. पण आज मी त्या उलटतपासणीचे मनापासून आभार मानायला बसलेय.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, जन्मापासून ऐकू येत नाही. त्यांची मोठी बहीण, म्हणजे आमच्या मावशी, त्यांचंही तसंच. दोघींनी शाळेचं तोंड कधी पाहिलं नाही. लहानपणी दोघींनी मिळून हातांची एक भाषा तयार केली आणि ती पुरती येते फक्त त्या दोघींनाच. आईंच्या रोजच्या खुणा आम्हा सगळ्यांना कळतात. पण समोर मावशी असल्या की आईंचे हात असे काही धावतात की इतकी वर्षं संसार करूनही बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, निम्मं डोक्यावरून जातं.

मावशी दूरच्या शहरात एकट्या राहतात. म्हणून दोघींचा रोजचा व्हिडिओ कॉल. तुमचं-माझं चित्र अडकलं तर निदान आवाज तरी येतो. या दोघींचं चित्र अडकलं की बोलणंच बंद. मावशींचा हात हवेत तसाच राहायचा आणि आई टॅबला हळूहळू थोपटत बसायच्या. कंपनीने नवा डबा बसवल्यापासून हे वरचेवर व्हायला लागलं होतं.

आमच्या घरात यंत्रांचा नुसता बाजार आहे. नवऱ्याचा ऑफिसचा लॅपटॉप, त्याला ऑफिसने इतकी कुलपं घातलीत की कधी कधी खुद्द त्यालाच आत घेत नाही. लेकीचा महागडा, पांढराशुभ्र. तो बाकीच्यांशी बोलायलाच तयार नसतो. बाबांचा जुना डेस्कटॉप, ज्यावर त्यांच्या एका मित्राने फुकटातली कुठलीशी सिस्टीम टाकून दिलेली. शिवाय आमचे फोन आणि आईंचा टॅब. नेट अडखळलं की प्रत्येकाचं बोट दुसऱ्याच्या यंत्राकडे. "तुझ्या मीटिंगा सगळं नेट खातात." "हिचे सिनेमे बंद करा आधी." मी आपली मध्ये पडून डबा बंद करायची आणि परत चालू करायची. थोडा वेळ बरं चालायचं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

एका सकाळी मावशींच्या शेजारणीचा फोन आला. मावशींच्या पोटात प्रचंड दुखतंय, हॉस्पिटलमध्ये आणलंय, आजच ऑपरेशन करावं लागणार. पण मावशी कुणाला सुई लावू देईनात. नर्स जवळ आली की हात झटकतात आणि हातवारे करून काहीतरी सांगत राहतात. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक घाबरल्यात. तुमच्यापैकी कुणीतरी त्यांची समजूत घाला. पण जास्त वेळ थांबता येणार नाही."

शेजारणीने व्हिडिओ कॉल लावला. मावशी दिसल्या. चेहरा पार उतरलेला. त्यांनी एक हात गळ्याकडे नेला आणि चित्र अडकलं.

पुन्हा लावला, पुन्हा तेच. घरात मोबाइलची रेंज यायची तर खिडकीला नाक लावावं लागतं. फोनचं नेट टॅबला जोडून आम्ही रस्त्यावर गेलो, तर तिथल्या उन्हात आईंना पडद्यावर काही दिसेना. आई माझा दंड धरून खुणेने एकच विचारत होत्या, ती काय म्हणतेय? काय म्हणतेय ती? मला काय डोंबल कळणार? मी घरात येऊन डब्याकडे धावले आणि दुसऱ्या हाताने वन्संना फोन लावला.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "डब्याला हात लावू नकोस."

"अहो पण वन्सं..."

"लावू नकोस म्हटलं ना! तू बंद-चालू केलंस की बिघाडाची खूण पुसली जाते. कुणी कशालाच हात लावू नका. मी आलेच."

डॉक्टरांनी दुपारपर्यंत वाट बघायचं कबूल केलं. वन्सं चालू कामावरून उठून आल्या, केसांवर हेडफोनची खाच तशीच. आल्या आल्या आईंचे दोन्ही हात घट्ट धरले, मग आम्हाला सगळ्यांना बाहेरच्या खोलीत उभं केलं.

"सकाळी चित्र अडकलं तेव्हा कोण कुठे बसलं होतं आणि काय करत होतं?"

"पोलीस चौकीत आणलंयस का आम्हाला?" नवरा म्हणाला.

"तू गप्प बस आणि लॅपटॉप बंद कर. सगळ्यांनी आपापलं बंद करा. फक्त आईचा टॅब चालू राहू दे."

त्यांनी टॅबवरून ऑफिसातल्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाल्या, "बोलू नकोस काही. नुसता हात हलवत राहा." ती बिचारी टाटा करत बसली. मग एकेक यंत्र चालू करायला लावलं. नवऱ्याचा लॅपटॉप लागला, हात हलत राहिला. लेकीचा लागला, तरी हात हलतोच आहे. फोन झाले, काही नाही.

"आता बाबांचा."

"माझा कशाला?" बाबा म्हणाले. "मी नेट वापरतच नाही. बुद्धिबळ खेळतो नुसता."

"बाबा, चालू करा."

तो म्हातारा डेस्कटॉप घरघरत उठला. आम्ही सगळे टॅबकडे टक लावून. पडद्यावर बाबांच्या बुद्धिबळाचा पट उघडला आणि इकडे मैत्रिणीचा हात वरच्या वर थबकला.

"बाबा," वन्संनी विचारलं, "आई मावशीशी बोलायला बसली की तुम्ही काय करता?"

"इथे येऊन बसतो. तेवढाच माझा निवांतपणा. आज सकाळीही पट उघडाच राहिला होता."

मी कपाळावर हात मारला. रोज आई तिकडे, बाबा इकडे, आणि आम्ही एकमेकांच्या मीटिंगा आणि सिनेमे काढत बसलो होतो!

भानगड अशी होती. घरातल्या प्रत्येक यंत्राला डबा एकेक नंबर देतो आणि आलेली गोष्ट त्या नंबरावर पोचवतो. बाबांच्या डेस्कटॉपला प्रिंटर सारखा सापडायचा नाही, म्हणून त्या मित्राने डेस्कटॉपला एक नंबर कायमचा ठोकून दिला होता. जुन्या डब्याबरोबर ते निभलं. नव्या डब्याला हे कुठून माहीत असणार? त्याने तोच नंबर आईंच्या टॅबला देऊन टाकला. एका नंबरावर दोन दावेदार झाले, आणि मावशींचं चित्र कधी आईंकडे जायचं, कधी बुद्धिबळाच्या पटाकडे.

वन्संनी डेस्कटॉपवरचा तो ठोकलेला नंबर काढला आणि डब्याकडून नवा घ्यायला लावला. हात पुन्हा हलायला लागला. बाबा मात्र खुर्चीतच बसून होते.

"म्हणजे इतके दिवस मीच तिचं बोलणं तोडत होतो?"

वन्संनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, तुम्हाला काय माहीत? चला, आईशेजारी येऊन बसा."

हॉस्पिटलला कॉल लागला. या वेळी चित्र स्वच्छ. मावशींनी दंडावर बोट टोचलं, मग दोन्ही हातांनी गळा आवळला, डोळे मिटले आणि मान टाकली. पुन्हा तेच. नर्स मागून म्हणाली, "बघा ना, सकाळपासून हेच चाललंय."

आई ताडकन उभ्या राहिल्या. त्यांनी खुणांनी वन्संना सगळं सांगितलं आणि वन्सं तक्रार विभागातल्या त्या शांत, स्पष्ट आवाजात डॉक्टरांना सांगत गेल्या.

"डॉक्टर, मावशी घाबरलेल्या नाहीत. लहानपणी पायाला गळू झालं होतं, तेव्हा त्यांना एक इंजेक्शन दिलं होतं. लगेच गळा सुजला, श्वास बंद झाला, जाता जाता वाचल्या. त्या तेच सांगतायत."

डॉक्टरांनी औषधांचा कागद पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "गळू पिकू नये म्हणून जे देतात, त्याच जातीचं औषध आम्ही आता देणार होतो. बरं झालं कळलं. दुसरं देतो."

वन्संनी ते आईंना सांगितलं, आईंनी मावशींना. मावशींनी नीट पाहिलं, पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली आणि मग आपणहून बाही वर सरकवून हात पुढे केला.

ऑपरेशन नीट पार पडलं. संध्याकाळी शेजारणीने पुन्हा कॉल लावला तेव्हा मावशी जाग्या होत्या. एका हाताला सलाईन लावलेलं. मोकळ्या हाताने त्यांनी आपल्या कानाची पाळी धरली आणि पडद्यात इकडेतिकडे शोधायला लागल्या.

"कान दुखतोय का त्यांचा?" मी विचारलं.

बाबा हसले. "नाही गं. हिला शोधतायत." आणि त्यांनी वन्संकडे बोट दाखवलं. वन्सं तान्ह्या होत्या तेव्हा मावशींच्या हातून ताट निसटलं. दोघी बहिणींना कसला आवाज येणार? पण पाळण्यातलं बाळ दचकलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, मग मावशींनी मुद्दाम दुसरं ताट टाकलं. बाळ पुन्हा दचकलं. पोरीला ऐकू येतं! दोघी तिथेच खाली बसून रडल्या. त्या दिवसापासून त्यांच्या भाषेत वन्संचं नाव कान.

हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी वन्संचा हात धरून त्यांना पडद्यासमोर बसवलं. म्हटलं, "वन्सं, तुमचे उपकार मी या जन्मात विसरणार नाही."

दिवसभर बोलायचा पगार घेणारी बाई माझं ऐकायलाही थांबली नाही, थेट पडद्याकडे वळली. तिकडे मावशी पुन्हा पुन्हा कानाची पाळी धरत होत्या आणि इकडे वन्सं, डोळे पुसायचंही भान नसलेल्या, दोन्ही हातांनी त्यांना सांगत होत्या, मी इथेच आहे, मावशी, मी इथेच आहे.