एक हूं राहिला होता

तीन दिवस ग्रुपवर तातोबांच्या आठवणी वाचतेय आणि एकटीच हसतेय. कोणाच्या आईने तातोबांच्या नादात दुधाचं टोप उतू घालवलं, हरमलच्या एका दादांचे वडील म्हणे बुधवारी होडीच उशिरा काढायचे... "आधी तातोबा, मग मासे"! वाह! मग खाली कोणीतरी विचारलं, "कोणाला काही वेगळा अनुभव?" आणि माझा हात मोबाईलवर तसाच राहिला.

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. अख्खी नोकरी जमीन मोजणी खात्यात गेली. लोक मला हद्द राखणाऱ्या देवचाराच्या गोष्टी सांगायचे आणि मी म्हणायचे, "देवचाराचा सर्व्हे नंबर दाखवा, मग बोलू." भूत, भानामती, नजर... काही नाही. तेव्हाही नाही, आजही नाही. पण ही एक गोष्ट मला आजपर्यंत कुठल्याच नकाशावर बसवता आलेली नाही.

ज्यांनी तातोबांना ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात — डिचोलीच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. दिवसा कापड फाडायचे आणि दर बुधवारी रात्री सव्वादहा ते साडेदहा रेडिओवर गोष्ट सांगायचे. सुरुवात ठरलेली. "हूं म्हणात हां! ना जाल्यार गजाल फुडें वचची ना." म्हणजे हुंकार द्या, नाहीतर गोष्ट पुढे जायची नाही. आणि खरोखरच दर दोन-तीन वाक्यांनी ते श्वासभर थांबायचे, आणि त्या श्वासात आम्ही सगळे रेडिओला "हूं" म्हणायचो. रेडिओला! आज माझ्या सुनेला सांगितलं तर ती माझ्याकडे अशी बघते की विचारू नका.

आमचं घर कोरगावला, मुख्य रस्ता सोडून खाली उतरलं की काजूच्या बागेला लागून. घरात बाबा, आई, बाबांचा धाकटा भाऊ म्हणजे आमचा काका, आणि मी... एकोणीस वर्षांची, म्हापशाच्या कॉलेजात. गोवा राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मराठी की कोकणी हे भांडण सरकारने कागदावर मिटवलं होतं, पण आमच्या ओसरीवर ते कागद पोचले नव्हते. बाबा कट्टर मराठीवाले, काका कट्टर कोकणीवाला. रोज जेवण झालं की दोघांची जुंपायची. आणि गंमत बघा — दोघेही भांडायचे त्याच एका घरच्या बोलीत! बाबा मराठीचा झेंडा घेऊन म्हणायचे, "माका शिकवू नको रे तू!" आई भांडी घासता घासता म्हणायची, "आधी दोघांनी एकमेकांची भाषा बदला, मग भांडा."

फक्त बुधवारी पाव तास युद्धबंदी. त्यानंतर पुन्हा — "तातोबान आज मराठीत सांगली!" "खंयची मराठी? कोकणी ती!" झालं सुरू.

बाबांचा आवाज म्हणजे काय सांगू! जत्रेनंतर देवळात नारळ-केळींची पावणी व्हायची, म्हणजे लिलाव, तिचा पुकारा बाबांकडे. लाऊडस्पीकर लागत नसे. तातोबांना बाबा "हूं" म्हणायचे तो एवढा दणदणीत की पलीकडच्या घरातली काकू म्हणायची, "तुमच्या हूंने आमचा कुत्रा उठतो हो."

त्या वर्षी गणपतीच्या चवथीच्या आधी बाबांना अर्धांगाचा झटका आला.

आठ दिवस म्हापशाला ठेवलं होतं. हात सुधारला, पाय सुधारला, काठी घेऊन अंगणात फिरायला लागले. डॉक्टर म्हणाले, बोलणंही येईल, फक्त त्यांनी प्रयत्न केला पाहिजे, जितका जास्त तितकं बरं. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी प्रयत्न केला. मी पाणी घेऊन गेले होते. त्यांनी मला हाक मारली. सुलभा म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "बुबुबा".

आणि मी हसले.

एकोणीस वर्षांची होते हो. घाबरले होते, रात्र रात्र झोप नव्हती, आणि त्या दणदणीत माणसाच्या तोंडून असं काहीतरी... फिसकन हसू आलं. बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड मिटलं. ते साडेचार महिने उघडलं नाही.

कोणालाच माहीत नव्हतं की हे माझ्यामुळे झालंय. आईलाही मी सांगितलं नाही. सगळे आपापल्या परीने मागे लागले होते. आई सकाळ-संध्याकाळ समोर बसून "अ म्हणा, आ म्हणा" करायची. शेजारचे वेखंड उगाळून आणायचे. मावशीने देवाचा कौल घेतला. पाहुणे यायचे ते जाताना सांगायचे, "बोलायचं हं!" आणि काका... काकाची तर दयाच यायची. भांडायला माणूस नाही म्हणून तो अक्षरशः सुकला! बाबांना डिवचायला रोज काहीतरी भन्नाट काढायचा. "दादा, आयज पेपरात आयलां, मराठी कोकणीची नात!" बाबा नुसते बघायचे. काका मग बागेत जाऊन उगाच काजूच्या फांद्या तोडायचा.

आणि मी रोज रात्री स्वतःशी म्हणायचे, एक शब्द बोला बाबा, एकच. मला शिवी दिली तरी चालेल. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, फार दिवस जीभ वापरली नाही तर पुढे कठीण जाईल. त्या "फार दिवस" मधले किती उरलेत हे कोणी सांगत नव्हतं.

तातोबा मात्र आम्ही चुकवत नव्हतो. बाबा वोल्तेरावर पाय लांब करून पडायचे... ती जुनी आरामखुर्ची हो... आणि ऐकायचे. हूं मात्र नाही.

तो बुधवार जानेवारीतला. थंडी म्हणून दारं-खिडक्या बंद. गोष्ट काय मजेची होती! हरमलचा नवा जावई भलामोठा फणस घेऊन पहिल्यांदाच सासुरवाडीला निघालाय, तेरेखोलच्या खाडीपलीकडे. होडीत फणस मांडीवर, कारण सासूने बजावलंय, फणस खाली ठेवला तर पोरीला नांदवत नाहीस असं समजेन. आई हसून हसून डोळे पुसत होती. खाडीच्या मधोमध होडी कलली. फणस पाण्यात, फणसामागून जावई पाण्यात! "बुडटा रे बुडटा..." म्हणून तातोबा श्वासभर थांबले. आम्ही तिघांनी "हूं" केलं.

गोष्ट पुढे जाईना.

रेडिओवर खरखर चालू. काकाने ट्रान्झिस्टरला एक थापड मारली, सेल दाबून बघितले. तेवढ्यात तातोबांचा आवाज आला, अगदी हळू, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसा. "एकाचो हूं येवंक ना."

एकाचा हूं आला नाही म्हणे. पुन्हा शांत. पण स्टेशन गेलं नव्हतं. त्यांचा श्वास ऐकू येत होता. एकदा खाकरले. खुर्ची करकरली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, सवयच ती. एक मिनिट झालं. आई म्हणाली, "असं काय करतायत हे?" दोन मिनिटं. काकाने विडी पेटवली होती ती त्याच्या बोटांत तशीच जळत होती.

मग तातोबा म्हणाले, "घाय ना. हांव रावतां."

घाई नाही, मी थांबतो.

मी बाबांकडे बघितलं. त्यांची मान ताठ झाली होती, गळ्याची शीर वर आली होती, खुर्चीचा हात घट्ट धरला होता. काका उठायला लागला, आईने त्याला हाताने खाली बसवलं. आणि बाबांच्या तोंडातून आवाज आला... फाटका, मध्येच तुटलेला, भलत्याच पट्टीतला —

"हूं."

"हां! आयलो!" रेडिओतून तातोबा लगेच म्हणाले, जसे काय आमच्या ओसरीवरच बसलेत. "तर जांवय बसलो फणसार घोडो करून..."

पुढचं कोणी ऐकलं म्हणता? आई रडत होती आणि हसत होती, मी बाबांच्या पायाशी बसून नुसती "बाबा, बाबा" करत होते. आणि काका! डोळ्यांतून पाणी वाहतंय, नाक पुसतोय, आणि तेवढ्यातही म्हणतो, "बघलंस दादा? शेवटी कोकणी गजालीक हूं म्हटलंस!"

बाबांनी तोंड उघडलं. दोनदा नुसती हवा आली. तिसऱ्यांदा त्यांनी सगळा जीव एकवटून म्हटलं, "म... म... मराठी!"

साडेचार महिन्यांनंतरचा पहिला शब्द! काका त्यांच्या गळ्यात पडला. आईने रात्री साडेदहाला शिरा केला. खरं सांगते, आमच्या घरात त्याहून आनंदाची रात्र झाली नाही, माझ्या लग्नाचीही नाही. नवऱ्याने हे वाचलं तर वाचू दे.

आता दुसरा दिवस. शेजारची काकू कळल्याबरोबर धावत आली. मी म्हटलं, "तातोबांनी काल केवढा वेळ थांबवून ठेवलं ना!"

"थांबले? कोण?" काकू म्हणाली. "जावई पडला आणि लगेच फणसावर बसला की!"

मला वाटलं तिला झोप लागली असेल. वाड्यावर चार घरांत विचारलं. बसमध्ये हरमलच्या मैत्रिणीला विचारलं. सगळ्यांची गोष्ट सलग झाली होती. "एकाचो हूं येवंक ना" हे कोणीच ऐकलं नव्हतं. आणि आमच्याकडे तर तीन मिनिटं आणि वर थोडी, भिंतीवरच्या घड्याळाने! तरी गोष्ट संपली ती सगळ्यांबरोबर, साडेदहाला. त्या रात्री ती तीन मिनिटं कुठून आली आणि कुठे मावली, मला तेव्हाही कळलं नाही.

शिमगा झाल्यावर बाबा बऱ्यापैकी बोलायला लागले. अडखळत, पण वाक्यं यायची. एक दिवस म्हणाले, "शर्टाचा कापड घेवया." कुठून ते सांगावं लागलं नाही. आम्ही दोघं बसने डिचोलीला गेलो.

तातोबा रेडिओवर वाटायचे तेवढे उंच नव्हते. मापाची पट्टी कानामागे खाजवायला वापरत होते. कापड मापून झालं की कात्री लावून थांबायचे आणि गिऱ्हाइकाकडे बघायचे. "हूं?" गिऱ्हाईक हूं म्हटल्याशिवाय कात्री चालायची नाही. हे मूळ तर! मला हसूच आलं. मग मी त्यांना त्या बुधवारचं सगळं सांगितलं.

त्यांनी कात्री खाली ठेवली आणि स्टुलावर बसले.

"बाय," ते म्हणाले, "ती गोष्ट मी दहा दिवस आधी रेकॉर्ड केली होती."

"दहा दिवस आधी?"

"थांबलो होतो मात्र, हे खरं," ते पुढे म्हणाले. "कित्याक ते माका खबर ना. जावई पाण्यात पडला आणि एकदम वाटलं, कोणाचा तरी हूं राहिलाय, तसं बोललोही. स्टुडिओत कुत्रं नाही! काचेच्या पलीकडून रेकॉर्डिंग करणारी पोर हात हलवून पुढे चला म्हणतेय. पण माझ्याने पुढे जाववेना. तीन-एक मिनिटं बसलो असेन. मग आला."

"आला? कुठून?"

"कानात आला. फाटको, मध्येच तुटलेलो. आला म्हणून पुढे गेलो. मग त्या पोरीने सांगितलं, काका, एवढं गप्प राहिलेलं लावता येत नाही. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिने टेपचा तेवढा तुकडा ब्लेडने कापला आणि टोपलीत टाकला." ते थोडे हसले. "माका विचारल्याबगर."

मग ते बाबांकडे वळले. "हूं म्हणून दाखयशात?"

बाबांनी घसा साफ केला आणि म्हटलं, "हूं."

तातोबा बाबांकडे बघतच राहिले. हातातली पट्टी त्यांनी गल्ल्यावर टाकली. "होच," ते म्हणाले. "होच तो!" मग उठले आणि बाबांना दोन्ही हातांनी धरून हलवायला लागले, आणि दोघे म्हातारे दुकानात पोरांसारखे हसत सुटले. गिऱ्हाइकं ताटकळत उभी.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कापून टोपलीत टाकलेला टेपचा तुकडा आमच्या रेडिओवर कसा वाजला, आणि दहा दिवसांनी येणारा हूं त्यांनी आधी कसा ऐकला — कोणाला माहीत असेल तर सांगा, टिंगल करायची असेल तरी करा, मीही केली असती. बाबा त्यानंतर बरीच वर्षं जगले आणि काकाशी शेवटपर्यंत भांडले.

परतीच्या बसमध्ये मी धीर करून म्हटलं होतं, "बाबा, त्या दिवशी मी हसले होते. 'बुबुबा' म्हटलात तेव्हा."

"आयकलंय," बाबा म्हणाले. "मी पण हसलो असतो."

"मग इतके दिवस गप्प का राहिलात?"

कापडाचं पुडकं मांडीवर घेऊन ते बाहेर बघत राहिले. त्यांचे शब्द सावकाश यायचे, मी मध्ये बोलले नाही.

"सगळी माका 'बोल, बोल' म्हणी होती गो," ते म्हणाले. "तो एकटोच थांबलो."