उत्तरप्रकाशाची मोजणी

ही हकीकत मी आजवर टाळली. जर्मनीबद्दल कुणी विचारलं की मी पावाच्या प्रकारांवर बोलायचो.

२००३च्या शरदात मी मुलीकडे डार्मश्टाटला गेलो. शेजारी हेर (श्रीयुत) ब्राउन, निवृत्त शिक्षक. मी मोजणी खात्यात जमिनी मोजल्या हे कळताच म्हणाले, "आल्झो (तर मग), आता आभाळ मोजू." लांबच्या दोन ठिकाणांहून एकाच क्षणी उत्तरप्रकाशाचे (ऑरोराचे) फोटो घ्यायचे. मागच्या ताऱ्यांपुढे तो किती सरकलेला दिसतो, त्यावरून उंची निघते.

लवकरच सूर्यावर मोठा स्फोट झाल्याची बातमी आली; अशा स्फोटानंतर उत्तरप्रकाश इतक्या दक्षिणेलाही दिसतो. ब्राउन उत्तरेला टाउनुसच्या डोंगरात गेले. मला मुलीने गाडीने दक्षिणेला, ओडेनवाल्डमध्ये नेलं. दर पाच मिनिटांनी बटण दाबायचं होतं. वहीतला वेळांचा रकाना मी घरीच भरून ठेवला होता. खात्यातली सवय.

आणि उत्तरेचं आभाळ जास्वंदीसारखं लाल झालं. त्यात फिकट उभे पट्टे, सावकाश सरकणारे. या डोळ्यांना असं काही दिसेल असं वाटलं नव्हतं.

"बाबा, ओठ निळे पडलेत. आधी चहा घ्या," मुलगी म्हणाली.

"फोटो राहील."

"आभाळ कुठे पळून चाललंय का?"

चहा घेऊन गाडीबाहेर आलो तेव्हा ठरलेल्या वेळेवर तीन मिनिटं उलटली होती. बटण दाबलं. वहीतली वेळ तशीच राहू दिली.

नेमका तोच फोटो सर्वांत स्वच्छ आला, म्हणून ब्राउननी तोच निवडला. उंची निघाली साठ किलोमीटर. हा लाल रंग तर दोनशेच्या वर असतो.

त्यांच्या फेराइनच्या (हौशी मंडळाच्या) बैठकीत दोन्ही वह्या फिरल्या. त्यांच्या वहीत खाडाखोड, माझ्या वहीत मोत्यासारखं अक्षर.

"तुझं घड्याळ म्हातारं झालंय, ब्राउन," कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

"घड्याळ नाही, मीच," ते म्हणाले. "मोजणीवाल्यांची वही बघा. चूक माझीच. तुमचा वेळ घेतला, माफ करा."

मी दुसऱ्या रांगेत त्यांनीच भाजलेला सफरचंदाचा कूखेन (केक) खात राहिलो. पुढे त्यांनी मोजणं सोडलं.

निघताना फ्रँकफुर्टच्या विमानतळावर माझी बॅग ओढत ते रांगेपर्यंत आले. "पुढच्या वेळी नुसतंच बघू," म्हणाले. माफीचं जर्मन वाक्य मी मुलीकडून शिकून पाठ केलं होतं. त्यांचा हात धरला आणि 'डांके' (आभारी आहे) म्हणालो.

पुण्याहून दर नाताळला पत्र पाठवलं, दर पत्रात आभार मानले. ते मनापासूनचे होते. परक्या म्हाताऱ्याला त्यांनी आभाळ दाखवलं होतं. आता त्या पत्त्यावर दुसरं कुणी राहतं.

हेर ब्राउन, चूक तुमची नव्हती. खाडाखोडीची वहीच खरी होती.