अंगठ्याचा ठसा

बी.एस्सी. झाल्यावर मला एम.एस्सी. करायचं होतं. अब्बांचा धायरीला, तेव्हाच्या गावाबाहेर, शेळीचं कातडं कमावण्याचा छोटा कारखाना होता. त्या उन्हाळ्यात पिशव्या शिवणाऱ्या एका गिऱ्हाइकानं माल परत पाठवला. सोबत चिठ्ठी : "चामडं मागवलं होतं, पत्रा नव्हे."

अब्बा दोन दिवस नीट जेवले नाहीत. चुन्यातून काढून धुतलेलं कातडं एन्झाइमच्या कोमट पाण्यात फिरवलं की मऊ पडतं, हे मी कॉलेजात शिकले होते. मी पावडर आणली. पहिला माल मीच बिघडवला; वेळ जास्त झाली आणि वरचा पापुद्राच सुटला. दुसऱ्यांदा थर्मामीटर घेऊन कातडी फिरवायच्या मोठ्या लाकडी ढोलापाशी बसले. दर दहा मिनिटांनी कातड्यावर अंगठा दाबायचा, ठसा तसाच राहिला की पाणी सोडून द्यायचं. तो माल कमावून तयार झाल्यावर अब्बांनी चामडं गालाला लावलं.

मला वाटलं, सुटले. आमचे एक जुने कारागीर होते, त्यांना सगळं शिकवलं, भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं. ते हसले. "ताई, मला समदं कळतंय. पन मालकांचा भरवसा तुमच्यावरच हाय."

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी फॉर्म पिशवीत घालून निघाले, तर अब्बा म्हणाले, "आधी कारखान्यात चल." पोचले तेव्हा ढोल फिरत होता. पावडर पाण्यात पडली होती.

"आजच का टाकलात?"

"गिऱ्हाईक थांबेना."

"मग कारागीर बघतील की."

"बिघडलं तर?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

कारागीर मान खाली घालून उभे होते. मी निघून जाऊ शकत होते. पण त्या ढोलात शंभरेक कातडी होती आणि पहिल्या वेळचा तो सुटलेला पापुद्रा मला दिसत होता. मी बाह्या सरसावल्या. ठसा उमटेपर्यंत कॉलेजची खिडकी बंद झाली होती.

"पुढच्या वर्षी जा," परतताना बसमध्ये अब्बा म्हणाले.

पुढच्या वर्षी मी विचारलंच नाही. माल उत्तम होत होता, लोक नावाजत होते, आणि त्याचा मला अभिमानही वाटत होता. तेच जास्त वाईट होतं. भांडावं तर कुणाशी? चौदा वर्षं मी त्या ढोलापाशी काढली. अब्बा गेल्यावर कारखाना कारागिरांच्या हाती दिला. पहिल्याच महिन्यात त्यांनी माझ्याशिवाय काढलेला माल दाखवायला आणला. माझ्या मालाइतकाच मऊ होता.