गाव गाळलेली बातमी

ती घटना आजही आठवते, ती एका म्हाताऱ्याच्या वाक्यामुळे. मी लखनौला निशातगंज भागात पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. मोबाईलवरचे ग्रुप नुकते बोकाळले होते. भर दुपारी फोन आला, बाजारात मुलं पळवणारा सापडलाय, लोक मारतायत. पोचलो तेव्हा जवळच्या मलिहाबादचा एक म्हातारा आंबेवाला ओठ फुटून बसला होता आणि पाच वर्षांची पोर त्याचा सदरा सोडत नव्हती.

'नातिन है, साहब.'

पोरीच्या आईला फोन लावून खात्री केली. मारणारे चौघे ताब्यात घेतले, गुन्हा नोंदवला. जाताना म्हातारा म्हणाला, 'इसकी माँ दिन भर बाग में रहती है. अब इसे लेकर बाज़ार कैसे आऊँ?'

फार राग आला होता.

चौघांच्या मोबाईलवर एकच हिंदी मजकूर होता: टोपलीवाला म्हातारा मुलं उचलतोय. 'किसने भेजा?' विचारत एकेक दार ठोठावलं आणि संध्याकाळी पोचलो कुठे, तर आमच्याच एका मराठी निवृत्त शास्त्रज्ञ काकांच्या घरी. दर गणपतीत मी त्यांच्याकडे जेवायचो.

काकांनी मोबाईल पुढं केला. गावाकडच्या पेपरातल्या बातमीचा फोटो, बहिणीनं पाठवलेला. 'मी फक्त आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला हो.' मंडळातल्या तरुणांना मराठी समजतं, वाचायचा कंटाळा. म्हणून काकांच्या मुलानं, तो बँकेत नोकरीला, मजकुराचं हिंदी करून मंडळात टाकलं आणि कॉलनीच्या ग्रुपवरही पाठवलं होतं.

'गाँव का नाम कहाँ गया?' मी मुलाला विचारलं.

'हटा दिया, अंकल. यहाँ कौन जानता है उसे?'

मी कपाळावर हात मारला. गाव गेलं आणि तिकडचा चोर इकडचा झाला. दोघांचे जबाब घेतले, मग म्हणालो, 'काका, आता निस्तरा.'

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात खरी हकीकत आली. बाजारातल्या चहाच्या टपरीवर एका पेपरची पानं सुटी करून दहा जण वाचतात. काकांनी तिथं ती बातमी मोडक्या हिंदीत मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, 'यह गलती हमारे घर से हुई.' मुलानं तेच पान त्याच ग्रुपवर टाकलं.

चार दिवसांनी आंबेवाला आला, नातीसकट. पहिलं गिऱ्हाईक काका. पोर आधी आजोबांमागे लपली, मग एक दशहरी आंबा निवडून तिनंच काकांच्या पिशवीत टाकला.

माणसं बहुतेक वाईट नसतात, घाईत असतात. हे मी तिथं शिकलो. आजही कुणी घाबऱ्या चेहऱ्यानं मोबाईल पुढं केला की मी आधी एवढंच विचारतो, 'गाव कुठलं?'